मधला गड्डा

शेवटी माझ्या काकांनी एका गवतापुढे हात जोडून माफी मागितली. असं अजून काही घडलेलं नाही. हे वाक्य चुकून इथे आलंय, पुढे चला.

गवत आईचं. आमच्या आणि काकांच्या घरामधल्या सामाईक अंगणात तिने अकरा वर्षं सांभाळलेलं, माझ्या छातीइतकं उंच, वर रुपेरी तुरे. थंडीत ते वाळून पिवळं पडतं. मरत नाही, झोपतं. काका त्याला कचरा म्हणायचे. गेल्या वर्षी बागस्पर्धेचे परीक्षक त्या तुऱ्यांपुढे थबकले, आणि तो कचरा दोन मिनिटांत काकांचा झाला. कप काकांनी घेतला. मोबाइल आईच्या हातात दिला.

"वहिनी, जरा नीट धरा. कप पूर्ण आला पाहिजे."

आईने नीट धरला. मला तेच झोंबलं.

थंडी सरताना काका करवत घेऊनच आले. "रोजची कटकट नको, वहिनी. वाटणी करू."

आईने गवताच्या कमरेला दोरी बांधली आणि वीतभर खुंट ठेवून सगळं कापलं.

"मधला गड्डा माझा," काका म्हणाले. "कडेचं सगळं तुम्हाला. माझं मन मोठं आहे."

आता, हे गवत दरवर्षी बाहेर बाहेर सरकतं. जीव सगळा कडेला. जुन्या गड्ड्याचा मध्य कधीच मेलेला असतो, काकांच्या टाळूसारखा. आई सांगायला गेली, "अहो भाऊजी, मधलं तर..." मी तिच्या पायावर पाय दिला. पूर्ण वजनानिशी.

"मधलं तर काय?"

"मानाचं," मी म्हणालो.

करवतीने कडेचे पाडलेले आमचे सहा तुकडे महिन्याभरात हिरवे झाले. काका मेलेल्याला दिवसातून दोनदा पाणी पाजत होते.

"काय रे, काही कमी पडतंय का?" त्यांनी मला विचारलं.

"प्रेम. बोलत जा त्याच्याशी. आवाज चढवू नका, लाजाळू आहे."

ते खुर्ची टाकून बसू लागले. त्याला हवामान सांगितलं, स्वतःच्या बढत्या सांगितल्या. एका रविवारी भर दुपारी, अंगणात कोणी नाही असं बघून, त्यांनी हात जोडले. "कचरा म्हणालो तुला. चुकलं माझं. आता तरी ऊठ."

आम्ही मायलेक खिडकीत होतो. मी मोबाइल नीट धरला. फोटो काढून वळतोय तर आई गायब. तिने आमच्यातला सर्वांत हिरवा तुकडा खणला आणि काकांपुढे नेऊन ठेवला.

"भाऊजी, हा लावा."

काकांनी तुकडा वरपासून खालपर्यंत पाहिला. "ठेवा तिथे. माझा उठेपर्यंत त्याला सोबत होईल."

फोटो सोबत जोडला आहे. हात पूर्ण आले आहेत. सबब स्पर्धा समितीस नम्र विनंती की, सदर माफी चुकीच्या पत्त्यावर गेलेली असून ती स्वीकारणारा आधीपासूनच मृत असल्याने, ती माझ्या आईच्या नावे विनाविलंब वर्ग करण्यात यावी.