एक तरी खरा प्रश्न

वाचनालयाचे अध्यक्ष रेवाराम पटले यांच्यावर रागवावं तरी कसं, हेच रश्मीला कळेना. माणूस भला, घरी नेऊन जेवू घालणारा, आणि नेमका तोच तिच्या पीएच.डी.चं वाटोळं करत होता.

रश्मी बिसेन गोंदियाच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. तिचा विषय भारदस्त होता: डिजिटल युगातली वाचनालयांची संदर्भसेवा. साध्या भाषेत सांगायचं तर, काही अडलं की माणूस हल्ली ग्रंथपालाला विचारतो की मोबाईलला, आणि त्याला उत्तर मिळतं का. त्यासाठी तिला नवेगाव बांधच्या या वाचनालयात नुसतं बसून बघायचं होतं. टेबलाशी तिथला ग्रंथपाल श्यामलाल, समोर वाचक आणि कोपऱ्यात ही, तोंडाला कुलूप लावून. प्रबंधाचं आधीचं प्रकरण गाइडनी परत फेकलं होतं. "ही सगळी तुमच्या मनातली माणसं आहेत. मला एक तरी खरा प्रश्न दाखवा." मुदतवाढ शेवटची होती. आता खरा प्रश्न हाती लागला नाही, तर नोंदणीच रद्द होणार होती.

आणि इथं कोणी विचारेल तर शपथ! पोलीस भरतीची पोरं यायची, खाली माना घालून वाचायची. फार तर वायफायचा पासवर्ड मागायची. शेवटी वैतागून ती रेवारामजींना म्हणाली, "काकाजी, इथं कोणी काही विचारतच नाही हो." तिथंच चुकलं.

"काऊन नाही विचारत? आपल्या समाजाची पोरगी कामासाठी आली, तिले रिकाम्या हातानं जाऊ देऊ का आमी?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच वाचनालयापुढे रांग. भाताच्या रोवणीला बाया गोळा कराव्यात तशी रेवारामजींनी माणसं गोळा केली होती. पहिल्यानं विचारलं, "भारताची राजधानी कोनती?" आणि विचारून झाल्यावर रश्मीकडे बघून हसला. श्यामलालनं परीक्षेला बसल्यासारखं उत्तर दिलं. मग रेवारामजींच्या शेजारच्या दुलारीबाई आल्या. "जगातला सर्वात मोठा..." म्हणाल्या आणि थांबल्या. दाराकडे वळून त्यांनी विचारलं, "पुढं काय होतं जी?"

"पक्षी! पक्षी!" दारातून रेवारामजी.

रश्मीनं कपाळाला हात लावला. "काकाजी, असं नाही चालत. माणसाला खरंच काहीतरी अडलेलं असावं लागतं."

"अडलेच हायेत ना पोरी. सकाळपासून अडवून ठेवले मी."

दुपारपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागलं. रेवारामजी आणखी माणसं आणायला म्हणून गेले आणि तेवढ्यात एक म्हातारी दाराशी चपला काढून आत आली. डोईवरचा पदर नीट करत ती श्यामलालजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, माह्या नातीले आयकू येत नाही. अशा लेकराइची शाळा कुठं असते जी?"

श्यामलालनं तोंड उघडलं, पण रश्मीचा बांध फुटला होता. ती ताडकन उठली.

"पुरे झालं! आता नातींची दुखणीसुद्धा पाठ करून घ्यायला लागले का काकाजी? जा बाई, सांगा त्यांना, मला हे नाटक नको."

म्हातारीनं डोईवरचा पदर पुन्हा सारखा केला. मग "बरं" म्हणाली आणि निघून गेली.

थोड्या वेळानं रेवारामजी दोघांना घेऊन घामाघूम होऊन आले. रश्मी त्यांच्यावर तुटून पडली. "काकाजी, निदान लेकराबाळांवरून तरी खोटं बोलायला लावू नका!"

"कोनाचे लेकरं? मी तं या दोघाइले आनाले गेलो होतो," ते गोंधळून म्हणाले.

श्यामलाल खाली मान घालून म्हणाला, "म्याडम, ते बाई आपल्या गावची नाही. मी तं पयल्यांदाच पायली तिले."

रश्मी अनवाणीच धावत सुटली. स्टँडवर कोणी नव्हतं. कोहमाऱ्याकडची काळीपिवळी जीप नुकतीच गेली होती. पानठेलेवाला म्हणाला, "एक म्हातारी चढली खरी. कोन्या गावची, का मालूम."

शाळा शोधायचीही गरज नव्हती. गोंदियात रश्मीच्या घरामागच्या गल्लीतला एक मुलगा अशाच शाळेत जातो, त्याच्या आईशी तिचं रोजचं बोलणं. उत्तर एका वाक्याचं होतं आणि ते तिच्या जिभेवर होतं. स्वतःचाच असा संताप तिला कधी आला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. गाइड होते.

"काय रश्मी, मिळाला का एक तरी खरा प्रश्न?"

"मिळाला, सर."

"अरे वा! मग उत्तर कोणी दिलं? ग्रंथपालानं की मोबाईलनं?"

जीप गेली त्या रस्त्याकडे तिनं पाहिलं.

"कोणीच नाही, सर," ती म्हणाली. "मी हाकलून दिलं तिला."