रिग वाढवली

शामसुंदरशास्त्र्यांच्या घरात काही फुटत नसे, संपत नसे आणि बंदही पडत नसे. बांगडी फुटली तर ती ‘वाढली’, नारळ फोडला तर तो ‘वाढवला’, रात्री कुलूप लावून निघालेला वाणीसुद्धा दुकान ‘वाढवून’ निघालेला असे. ज्यांची हयात रामकुंडावर यजमानांचे संकल्प सांगण्यात गेली, त्यांच्या तोंडी अभद्र शब्द शोभत नाही हे खरं. पण शास्त्रीबुवा तो दुसऱ्याच्या तोंडीही खपवून घेत नसत. यशोधन लहानपणी एकदा ‘आईची बांगडी फुटली’ असं ओरडत बाहेर आला, तेव्हा भर पाहुण्यांत त्याच्या पाठीत धपाटा बसला होता. तो त्याच्या चांगलाच लक्षात राहिला.

हा यशोधन पुढे इंजिनिअर झाला आणि भर समुद्रात तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या रिगवर लागला. पाण्यात पाय रोवून उभा असलेला लोखंडी कारखानाच तो. त्याची आई गोदावरीकाकू मात्र शेजारणींना ‘बोअरची मोठी गाडी’ असं सांगत, आणि ते काही अगदीच चूक नव्हतं. रिग भाड्याची होती. करार सरला की तो वाढवून मिळायचा की नाही, हे जगातल्या तेलाच्या भावावर ठरायचं. नाही मिळाला तर पोरगा घरी बसणार, ही धास्ती शास्त्रीबुवांच्या पोटात वर्षभर होती.

त्या धास्तीपायी त्यांना या वयात तेलाचा अभ्यास जडला. सकाळी पंचांगाआधी पेपरातलं खनिज तेलाचं पान. अमेरिका उपसतेय, ब्राझील उपसतोय, आखातवाल्यांनीही तोट्या सोडल्यात. तेल उदंड, भाव खाली. त्यात आखातातल्या बिनकामाच्या रिगा कमी भाड्यात इकडे यायला टपलेल्या. सगळी आळी स्वस्ताईची वाट बघे, हा एकटा माणूस महागाईची. एकदा तर सुरतच्या यजमानाला गोत्र विचारता विचारता त्यांनी ‘आणि तुमच्याकडे क्रूड काय म्हणतंय?’ असं विचारून टाकलं होतं.

रिक्षावाला योगेश त्यांची समजूत काढी. “काका, तिकडं भाव उतरला तरी आपल्या पंपावर नाय उतरत. कशाला एवढी काळजी?”

“पंपाची कोण करतंय रे!” शास्त्रीबुवा म्हणत.

कराराची मुदत भरत आली. ‘वाढवून देतात का बघू,’ असं यशोधन मागच्या फोनवर म्हणाला होता. मग गुरुवारी सकाळी पुन्हा फोन आला. आवाज तुटत होता.

“बाबा, कंपनीने आमची रिग वाढवली. मी शनिवारी येतो...” आणि फोन कटला.

“वाढवली!” शास्त्रीबुवा उभेच राहिले. “ऐकलंस का? वाढवली!”

“आवाज बारीक वाटला का हो त्याचा?” काकू म्हणाल्या.

“समुद्रातून बोलतोय तो. बारीकच येणार.”

दुपारपर्यंत आळीत पेढे पोचले. योगेशला दोन मिळाले. समोरच्या मंगलाबाईंना तेल, रिग, करार हे सगळं साग्रसंगीत ऐकावं लागलं आणि मग पेढा मिळाला. इतक्या दिवसांनी शास्त्रीबुवा पोटभर जेवले.

शनिवारी यशोधन नाशिक रोडला उतरला आणि योगेशच्याच रिक्षातून घरी आला. एरवी त्याच्या पाठीवर एक सॅक असे. आज दोन मोठ्या बॅगा होत्या. मंगलाबाईंनी खिडकीतूनच ‘अभिनंदन हो!’ म्हटलं, तेव्हा तो गोंधळून हसला. आत येऊन त्याने बॅग उघडली. नारिंगी डांगरी निघाली, जड बूट निघाले, शेवटी हेल्मेट निघालं.

“हे कशाला आणलंस?” शास्त्रीबुवा म्हणाले. “परत न्यायचं ओझं.”

“बाबा, पेढे कसले वाटलेत तुम्ही? योगेश पण म्हणत होता.”

“कसले म्हणजे? रिग वाढवली ना?”

यशोधनने आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “वाढवली म्हणजे... आईची बांगडी वाढते तशी, बाबा. कामावरून काढली. आम्हा सगळ्यांनाच मोकळं केलं. तुमच्याशी बोलताना दुसरा शब्द तोंडातून निघेना.”

शास्त्रीबुवा उघड्या बॅगेशेजारी बसले. शब्द त्यांचाच होता. धपाटा घालून त्यांनीच तो पोराच्या तोंडात बसवला होता, आणि वेळ आली तेव्हा त्यांनाच तो कळला नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण त्याहून जास्त वाईट या गोष्टीचं वाटलं, की एवढी मोठी बातमी सांगतानाही पोरगा बापाचा धाक सांभाळून बोलला होता. काकूंनी हेल्मेट उचलून कोनाड्यात ठेवलं.

तेवढ्यात मंगलाबाई दारात आल्या. “काय रे यशोधन, किती वर्षांसाठी वाढवली म्हणे?”

यशोधनने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी शास्त्रीबुवा उठून उंबऱ्याशी गेले.

“वाढवली नाही, मंगलाबाई,” ते सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “रिग बंद पडली. नोकरी गेली त्याची. माझीच ऐकण्यात चूक झाली.”

मागे यशोधन थक्क होऊन बघत होता. या घरात एवढा स्पष्ट शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकला होता.

“अगंबाई,” मंगलाबाई कानकोंड्या झाल्या. “आणि पेढे?”

“ते खाल्लेत ना? मग राहू द्या,” शास्त्रीबुवा म्हणाले, आणि आत वळून पोराच्या पाठीवर हात ठेवला. “चल, जेवून घे आधी.”