सायलीच्या कारखान्यातली थंड पेटी

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे, मित्रांनो. पण जुनी म्हणून माझी कीव करू नका, माझा एक स्क्रूही अजून ढिला झालेला नाही. वापीजवळच्या सायली गावात पाइपांच्या एका कारखान्यात मी उभी आहे, चांगली माणसाच्या उंचीची. माझ्या पोटात कॉम्प्युटर आहे. पाइपाचं यंत्र किती तापवायचं, किती वेगाने चालवायचं, हे तो ठरवतो. त्याला धूळ चालत नाही, उकाडा चालत नाही, ओल तर मुळीच चालत नाही. थोडक्यात, कारखान्यात राहणाऱ्या या पठ्ठ्याला कारखानाच चालत नाही. म्हणून मला घडवलं.

जवळच्याच गलोंडा गावातल्या एका वर्कशॉपमध्ये माझा पत्रा वाकवला, जोडला, रंगवला. दाराला चहूबाजूंनी रबराची पट्टी लावली. कुशीला छोटा एसी बसवला. मुंबईहून पाहुणे आले की कारखाना सांभाळणारे शशिकांतसाहेब माझं दार उघडत आणि आतली चोवीस अंशांची थंडी त्यांना हात घालून बघायला लावत. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळे. मी फुगून जात असे. कौतुक कुणाला नको असतं?

माझ्यासमोरच मिक्सर होता. ज्या पांढऱ्या पुडीपासून पाइप बनतात, तिची पोती त्यात ओतायचं काम शहाद्याकडून आलेल्या सरुबाईचं. पूड तिच्या केसांत, पापण्यांवर, नाकात. चाळिशीतच ती म्हातारी दिसायची. वर तापलेले पत्रे, बाजूला तापलेलं यंत्र; आणि पंखा लावला तर पूड उडते, म्हणून पंखाही नाही. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या गार अंगाला पाठ टेकून भाकर खायची. उठताना माझ्या दाराची पट्टी पदराने पुसून जायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझा तिच्यावर जीव होता.

एका दुपारी तिला गरगरलं. तिने माझं दार उघडलं आणि डोकं आत घातलं. फार तर तीन मिनिटं. तेवढ्यात तिच्या केसांतली पूड कॉम्प्युटरवर पडली आणि यंत्र चार तास बंद राहिलं.

शशिकांतसाहेब धावत आले. त्यांनी आधी ब्रशने कॉम्प्युटर झाडला, मग सरुबाईला झाडलं. ती म्हणाली, "साहेब, त्याला जे थंड लावलंय, ते आम्हाला बी लावा ना थोडं."

साहेबांना हसू आलं. तो किस्सा त्यांनी ऑफिसात सगळ्यांना सांगितला. माझ्या दाराला मात्र कुलूप बसलं आणि चावी त्यांच्या खिशात गेली. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी बरंच वाटलं होतं. आपल्याला जपणारं कुणीतरी आहे, असं वाटलं.

पुढच्या वैशाखात सरुबाई पोत्यावरच कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. यंत्रावरचा नवनाथ तिच्याच गावाकडचा, तिला मावशी म्हणायचा. त्याने तिला उचलून माझ्या पायाशी आणलं, अंगावर बादली ओतली आणि माझं दार ओढलं. दाराला कुलूप होतं. साहेब वापीला मीटिंगला गेलेले. नवनाथने फोन लावला, यंत्राच्या आवाजात ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

"साहेब, मावशी बेसुध पडली. कुलूप तोडू का?"

"तोडलंस तर उद्यापासून येऊ नकोस. मागच्या वेळी काय झालं विसरलास? पाणी मारा, रिक्षा बोलवा."

नवनाथने मोठा पाना उचलला. एकदा माझ्यावर हाणला. मग त्याचा हात खाली आला. त्याच्याही घरी खाणारी तोंडं होती. मला तेव्हा फुटून जायचं होतं, मित्रांनो. पण मला बनवणाऱ्यांनी काही कसर ठेवली नव्हती. रिक्षा यायला पाऊण तास लागला. माझ्या आत चोवीस अंश होते आणि बाहेर, माझ्या पायाशी, सरुबाई त्याआधीच गेली.

संध्याकाळी साहेब आले. खिशातली चावी काढून त्यांनी मला उघडलं, आत बोट फिरवून पाहिलं. "बरं झालं, आत काही गेलं नाही," ते म्हणाले. बाईला आधीपासून बीपी होतं, असं कागदावर लिहिलं गेलं. पान्याच्या खुणेवर दुसऱ्या दिवशी रंग लागला.

आता पोती जया ओतते. एकोणीस वर्षांची आहे, नाकाला ओढणी बांधते. पंखा अजून नाही.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, असं तुम्हाला शाळेत सांगतातच. जरूर राखा. पण ज्या उकाड्याने आणि पुडीने कॉम्प्युटर मरतो, त्यानेच माणूसही मरतो, एवढं साहेबांना कुणीतरी सांगायला हवं. मला तोंड नाही. जयाला आहे, पण तिचं कुणी ऐकत नाही. तुम्ही बोला, आणि जरा लवकर बोला. वैशाखाला आता दोनच महिने उरलेत.