खेमा महाराजांची यादी-आरती

सेनगावातल्या एका खासगी तूर नोंदणी केंद्रासमोर दीडशे माणसं उभी होती, आणि खेमा महाराज संगणकाला आरती ओवाळत होते. चार दिवस हाच तमाशा. नाव नोंदवलं, की पडद्यावर 'नोंद सापडली नाही'. आरती संपली, लिंबू फिरलं, की नाव हजर! मी शाळेत गणित शिकवतो. मला हसू येत होतं.

"सर्व्हरात सावली शिरून राहिली!" महाराज गरजले. "विधवेची!" बोट रांगेतल्या पद्माबाईंवर थांबलं.

नोंदणी पाचला बंद होणार होती. नाव नाही, तर त्यांच्या तुरीचं माप नाही.

"मी काय केलं? लेकरायचं वरीसभराचं त्याच्यावरच हाय," त्या म्हणाल्या. रांगेने त्यांना बाहेर ढकललं. त्यात माझे शेजारी सोनाजीही होते.

तेवढ्यात केंद्राच्या मालकांनी हिंगोलीहून बोलावलेली संगणकतज्ज्ञ ऐश्वर्या आली. तिने ऑपरेटर अमरसिंगला विचारलं, "आरतीच्या वेळी पडद्यावर काय असतं?"

"सगळ्या तालुक्याची यादी. पहिल्या दिवशी तपासणीच्या साहेबासाठी उघडली अन् तशीच राहिली, तवा नावं गायब झाली. आता आरतीभर महाराजांना दर्शनाला लागते, नोंदणी चालूच असते. आरती झाली की बंद करतो."

"घ्या!" ऐश्वर्या म्हणाली. "नाव लिहिलं जातं मूळ संगणकात, दिसतं त्याच्या नकलेतून. कोणाला कुठे पाठवायचं ते पूलर नावाचा मधला प्रोग्राम ठरवतो. एवढी मोठी यादी उघडी असली, की नकलेत नवीन नावं उतरायची थांबतात. पूलरला त्याचा पत्ता नाही, तो शिळी नक्कलच दाखवत राहतो. आरती संपली, यादी बंद, नावं हजर."

"म्हणजे आरतीनंच नावं गायब होऊन राहिली?" सोनाजींनी विचारलं.

"व्हय! मावशी, पुढं या. सावली पडू द्या चांगली," ऐश्वर्या पद्माबाईंना म्हणाली.

यादी बंद केली. पद्माबाईंचं नाव नोंदवलं, ते लगेच दिसलं. यादी उघडून सोनाजींचं नोंदवलं: सापडलं नाही. यादी बंद केली: सापडलं. लिंबू तसंच पडून होतं.

"यंत्राला श्रद्धा लागते," असं पुटपुटत महाराज चपला शोधू लागले.

महाराज खोटे ठरले, ठीक. पण पद्माबाईंना ढकलणारे हात त्यांचे नव्हते, आपले होते. आणि मी हसत उभा होतो, त्याची मला लाज वाटते. पुढच्या वेळी हात जोडण्याआधी एवढंच विचारा: आरती केलीच नसती, तर काय झालं असतं? आणि उत्तर मिळेपर्यंत कोणाला रांगेबाहेर काढू नका.