पाहुण्यांच्या खुर्चीला ठाऊक असलेले कारण

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि आता फार दमले आहे. माझा एक पाय आखूड झाला, तेव्हा शिपायाने त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. आता तीही दबली आहे.

सुताराने मला घडवले तेव्हा वाटले होते, एखाद्या घरी जेवणाच्या टेबलापाशी जाईन. नशिबी आले पेन्शन फंडाचे ऑफिस. शिक्षक, नर्सेस, बसचालक यांच्या पगारातून दरमहा कापलेला पैसा इथे येतो आणि त्यातून हा फंड निरनिराळ्या कंपन्यांचे शेअर घेतो. त्या कंपन्यांचे मालक भेटायला आले की माझ्यावर बसतात. समोर फंडाच्या प्रमुख बाई. इतक्या वर्षांत मला एवढे कळले, की ज्याला काही लपवायचे असते तो टोकावर बसतो.

पंपांचा कारखाना चालवणारे साहेब मात्र ऐसपैस पाठ टेकून बसत. "आधी वाईट बातमी सांगतो," ही त्यांची ठरलेली सुरुवात. सलग दोन वर्षे तोटा झाला, तोही त्यांनी असाच सांगितला. बाईंनी एकही शेअर विकला नाही. जाताना साहेब माझ्या हातावर थाप मारून म्हणाले, "खुर्ची भक्कम आहे हो तुमची." एवढे कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आले नाही.

पुढे कारखान्याला बरकत आली आणि शेअरचा भाव तिप्पट झाला. त्या वर्षीची वाईट बातमी बारीकशी होती. ओतकामाच्या एका भट्टीला तडा गेला होता. पंधरा दिवसांनी फंडाने त्यांचे निम्मे शेअर विकले.

भट्टीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. एका कंपनीत फंडाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त पैसा ठेवायचा नाही असा नियम होता, आणि भाव चढल्यामुळे ती मर्यादा ओलांडली गेली होती. मुलगा उंच झाला की सदरा तोकडा पडतो, त्यात मुलाचा काय दोष? पण विक्रीचे कारण बाहेर सांगायचे नाही, असाही नियम होता. साहेबांनी विचारले नाही, बाईंनी सांगितले नाही. मला सगळे ठाऊक होते, पण तोंड नव्हते.

पुढच्या वर्षी साहेब टोकावर बसले.

"कसं चाललंय?" बाईंनी विचारले.

"एकदम झकास."

तीन महिन्यांनी उघड झाले की त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तेव्हाच तुटले होते. बाईंनी उरलेले सगळे शेअर विकले. ते पाहून इतर फंडांनीही विकले, भाव गडगडला, बँकेने हात आखडता घेतला. कारखान्याची एक पाळी बंद झाली.

साहेब शेवटचे आले ते नुसते बोलायला.

"वाईट ऐकलं की तुम्ही विकता, हे मी भट्टीच्या वेळी शिकलो," ते म्हणाले. "म्हणून गप्प बसलो."

बाई नियम बाजूला ठेवून हळूच म्हणाल्या, "तेव्हा विकले ते तुम्ही वाढलात म्हणून. तोटा तर आम्ही दोन वर्षं सोसला होता तुमच्याबरोबर. या वेळी विकले ते तुम्ही लपवलंत म्हणून."

"मग तेव्हाच सांगायचंत ना, बाई."

मला दोघांचाही राग आला आणि दोघांची कीवही आली.

मित्रांनो, माझा पाय दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. कुणाला सोडून जाल तर का ते सांगून जा. आणि तुम्हाला कुणी सोडून गेले, तर मनाने कारण रचू नका, विचारा. त्या पाळीतले दोनशे जण घरी बसले आहेत. त्यांना अजून कुणीच काही सांगितलेले नाही.