नावाडणीचं आख्यान

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर ऐकू येईल, पण लागणार नाही, आणि ही गोष्ट लागायला हवी. कोट अंगात असू द्या, या हॉलचं हीटिंग तुम्हाला ठाऊकच आहे. आज जे आख्यान ऐकवायचं आहे ते कुठल्या पोथीत सापडणार नाही. त्यात राक्षस आहे, नदी आहे, आणि जागा न सोडणारी माणसं आहेत. चित्त इकडे द्या, म्हणजे झालं.

मिल्टन कीन्समध्ये लीलाताई नावाच्या एक बाई राहतात. वय बहात्तर. एकोणऐंशी साली मिरजेहून नॉटिंगहॅमला आल्या, तिथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं मिडवाइफ होत्या. इंग्रजांची हजारभर पोरं या बाईंच्या हातात पहिल्यांदा रडली. वडील मिरजेचे कीर्तनकार, त्यामुळे चिपळ्या घरातच होत्या. नॉटिंगहॅमला एका वर्षी भारतातून यायचे बुवा व्हिसाअभावी अडकले, तेव्हा लीलाताई नऊवारी नेसून उभ्या राहिल्या, त्या आजतागायत उभ्या आहेत. रिटायर झाल्यावर मुलाजवळ म्हणून मिल्टन कीन्सला आल्या आणि तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी रविवारी दुपारी कीर्तन करू लागल्या.

आता दुसरी बाजू ऐका. त्यांची नात मायरा सात वर्षांची असल्यापासून एक जपानी मालिका बघायची. चित्रांची मालिका, पण पोरखेळ नव्हे. सायो नावाची एक नावाडीण. आई-बाप धुक्यात गेलेले. नदीपलीकडे धुक्याचा राजा राहतो, त्याची जनावरं माणसं गिळतात, आणि ही पोर हातातल्या वल्ह्यानं त्यांच्याशी लढत लोकांना अलीकडे आणते. मायरा सोफ्यावर, आजी शेजारी भाजी निवडत. पहिले दोन-तीन महिने आजीनं नुसती मान वर करून पाहिलं. मग भाजी निवडायची राहू लागली. पुढे पुढे मायरा शाळेतून यायच्या आत आजी चहा करून रिमोट घेऊन बसलेली. अशी अकरा वर्षं गेली. मायरा नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत गेली आणि पुढच्याच उन्हाळ्यात मालिकेचा पुढचा भाग सिनेमा होऊन थिएटरात लागला.

"आजी, तू माझ्याशिवाय गेला तर मी बोलणार नाही तुझ्याशी," मायरा फोनवर म्हणाली.

"गेलीस म्हण, गं. आणि तू तिकडे मैत्रिणींबरोबर पहिल्याच दिवशी बघून आलीस, ते तुझी आई बोलली मला."

"ओके, जा. पण टिश्यूज घेऊन जा."

लीलाताई गाडी चालवत नाहीत. त्यांना न्यायला रेखा आली. रेखा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर शशिकांत यांची बायको. साठीची, कमी बोलणारी. मंडळाच्या कार्यक्रमात ती कुठे असते असं विचाराल तर दाराशी, कोट ठेवायच्या टेबलामागे. तीस वर्षं तिथेच. थिएटरपर्यंत वाटेत राउंडअबाउटच राउंडअबाउट, नुसते गोल चौक. लीलाताईंनी एकेका राउंडअबाउटला एकेक सीझन सांगून संपवला. सातव्याला रेखानं एक्झिट चुकवली, कारण सायोचा गुरू फितूर निघाला होता.

"ताई, परत एक चक्कर मारते," रेखा म्हणाली. "त्या मेल्याचं पुढे काय झालं ते सांगा आधी."

थिएटरात लीलाताईंनी सवयीनं चपला काढल्या आणि त्या मोठ्या खुर्चीत मांडी घालून बसल्या. सिनेमात काय घडतं ते थोडक्यात सांगायला हवं. धुक्याचा राजा गावाला निरोप पाठवतो: नावाडणीला माझ्या हवाली करा, तुमच्या घरांना हात लावणार नाही. आणि गाव कबूल होतं. जिनं प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी वाचवून आणलंय, तिला घाटावर सोडून गाव वेशीचा दरवाजा आतून लावून घेतं. समोरून धुकं येतं, त्यात डोळे, दात. सायो एकदा बंद दरवाज्याकडे बघते. मग नदीकडे तोंड करून वल्हं आडवं धरते. म्हणते, "तुम्ही दार लावलंत म्हणून माझं काम संपलं नाही." आणि पुढची वीस मिनिटं जी लढाई होते, ती त्या दार लावणाऱ्यांसाठीच.

"शाबास, पोरी," लीलाताई म्हणाल्या. पुढच्या रांगेतल्या पॉपकॉर्नवाल्या पोरानं वळून पाहिलं. रेखाकडे बघावं तर तिनं टिश्यूचं अख्खं पाकीट संपवलेलं.

गणपती दहा दिवसांवर आले तेव्हा शशिकांतांचा फोन आला. माणूस वाईट नव्हे हो. गणपतीची मूर्ती स्वतःच्या मांडीवर घेऊन लंडनहून आणणारा, शाळेच्या हॉलसाठी कौन्सिलशी पत्रव्यवहार करणारा, आरतीला पहिला टाळ हातात घेणारा गृहस्थ.

"लीलाताई, व्हॉट्सॲपवर टाकायचंय. आख्यान कुठलं लावताय?"

"नावाडणीचं."

"हे कुठल्या पुराणातलं?"

लीलाताईंनी सांगितलं.

"कार्टून?" शशिकांत म्हणाले. "देवासमोर?"

"देवासमोरच. दुसऱ्या कुणासमोर मी उभी राहत नाही."

"ताई, स्पष्ट बोलतो. गेल्या वर्षी कीर्तनाला एकोणीस माणसं होती, त्यात सहा कमिटीची. ऑक्टोबरच्या मीटिंगमध्ये कीर्तन ठेवायचं की त्या वेळात अंताक्षरी घ्यायची, यावर मतदान आहे. मी तुमच्या बाजूचा आहे. गणपतीचं एखादं छान आख्यान लावा, चाळीस मिनिटांत आटपा, मी कीर्तन वाचवतो. पण पोरांना खूश करायला हे असलं..."

"पोरांसाठी नाही, डॉक्टर. मला पटलंय म्हणून. मी त्या पोरीला अकरा वर्षं बघतेय. तिच्यात देव नसेल तर तो कुठे असतो हे मला माहीत नाही."

"मग ऐका. तुम्ही ते लावलंत तर मध्यंतराला मी माळ घेऊन उठणार नाही."

"नका उठू. गुडघे दुखत असतील."

शशिकांत गुडघ्यांचे डॉक्टर. त्यांनी फोन ठेवला.

आता ही माळेची गोष्ट नवख्या मंडळींना सांगितली पाहिजे. कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान. दोहोंच्या मध्ये नामाचा गजर चालतो, आणि त्या वेळी यजमान उठून कीर्तनकाराच्या कपाळी बुक्का लावतो, गळ्यात माळ घालतो, पायाला हात लावतो. वयानं मोठा असला तरी वाकतो, कारण ती नारदाची गादी. एकप्रकारे श्रोतेच म्हणत असतात, पुढे सांगा. ते म्हटल्याशिवाय आख्यानाला तोंड फोडायचं नाही, हे लीलाताईंच्या वडिलांनी घालून दिलेलं. म्हणजे शशिकांतांनी बरोबर नाडी धरली होती. माळ नाही तर आख्यान नाही. आख्यान नाही तर ऑक्टोबरात कीर्तनही नाही.

लीलाताईंना भीती वाटली का? वाटली. तीन दिवस त्यांनी गणपतीचं एक जुनं आख्यान बसवून पाहिलं. साक्या पाठ, दिंड्या पाठ, चाल गळ्यावर चढलेली. पण म्हणताना मन कोरडं. चौथ्या दिवशी त्यांनी वही मिटली आणि नवी साकी लिहायला घेतली.

रविवार उजाडला. प्राथमिक शाळेचा हॉल, भिंतीवर पोरांच्या चढायच्या शिड्या, कोपऱ्यात गणपती. तबल्याला श्रीनिवास, एरवी बेसिंगस्टोकच्या आयटी कंपनीत. पेटी त्याची त्यानंच मोबाइलवर भरून आणलेली. पन्नासेक माणसं. कार्टूनची बातमी फुटली होती, त्यामुळे काही तर निव्वळ भांडण बघायला आली होती. शशिकांत पहिल्या रांगेत, शेजारच्या खुर्चीवर ताटली, तिच्यात माळ आणि बुक्क्याची डबी.

लीलाताईंनी पूर्वरंग केला. भक्त कुणाला म्हणावं, एवढाच प्रश्न धरला होता. जो टाळ कुटतो तो? जो उपास करतो तो? "अहो, उपास तर आमच्या वॉर्डातला कन्सल्टंटही करायचा, वजनासाठी," त्या म्हणाल्या, आणि हॉल हसला. "ज्याच्या तोंडावर दार लागलं तरी जो प्रेमाची जागा सोडत नाही, त्याला भक्त म्हणावं." एवढं बोलून त्यांनी गजर धरला.

सगळ्यांनी टाळ्या धरल्या. शशिकांतांनी हाताची घडी घातली.

पहिलं आवर्तन झालं. दुसरं झालं. कमिटीतल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग आपापल्या बुटांकडे. पाचव्या आवर्तनाला श्रीनिवासनं मान वर करून बाईंकडे बघितलं: थांबायचं? बाईंनी चिपळ्या जरा जोरात वाजवल्या. थांबायचं नाही. आख्यान सुरू करता येत नव्हतं ना, मग गजर सोडायचा नाही, एवढं त्यांच्या हातात होतं. दहाव्याला घसा धरू लागला. पंधराव्याला श्रीनिवासच्या कपाळावरून घाम. मागची माणसं आता बसल्या जागी न राहता उभी राहून म्हणू लागली होती, भांडण बघायला आलेली सुद्धा. पण पुढे कुणी येईना. अध्यक्ष शेजारी बसलेले असताना त्यांच्या ताटलीला हात कोण लावणार? बाईंनी पाय घट्ट रोवले आणि सूर आणखी वर नेला. मनात म्हणाल्या, देवा, हॉल चार वाजेपर्यंत आपला आहे. मी चारपर्यंत म्हणते.

तेव्हा दाराकडची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रेखा कोटांच्या टेबलामागून निघाली आणि मधल्या वाटेनं चालत पुढे आली. घाई नाही, मान खाली नाही. पहिल्या रांगेशी थांबून तिनं ताटली उचलायला हात घातला. शशिकांतांनी दुसऱ्या बाजूनं काठ धरला.

"रेखा, बस जाऊन."

"अहो, सोडा. बुक्का सांडेल."

"लोक बघतायत."

"तेच म्हणते मी. लोक बघतायत तुम्हाला."

त्यांनी काठ सोडला. रेखानं आयुष्यात कुणाला माळ घातली नव्हती. ती लीलाताईंच्या चष्म्यात अडकली, मग सोडवून नीट गळ्यात घातली. बुक्का बोटावर जास्त आला, त्यामुळे टिळा भुवईपर्यंत गेला. मग ती वाकली. उठून हळूच म्हणाली, "ताई, पुढे सांगा. ज्यांनी सिनेमा बघितला नाही त्यांना सगळं सांगा."

आणि लीलाताईंनी सांगितलं. चाळीस नव्हे, पासष्ट मिनिटं. घाट उभा केला, धुकं उभं केलं, वेशीचा दरवाजा लावणाऱ्यांचे आवाज काढले: कुणी खोकतंय, कुणी म्हणतंय मला काय विचारता, कमिटीनं ठरवलं. हॉलमध्ये लोक हसायचे थांबले. मग साकी घेतली:

*धुके दाटले, नदी दिसेना, एकच होडी तरली*
*वल्हे धरुनी आडवे उभी, मागे नाही सरली*

बसलेला घसा त्या ओळीला शोभला. शिड्यांवर चढून बसलेली पंधरा-सोळा वर्षांची पोरं दुसऱ्या फेरीला बरोबर म्हणू लागली. अर्धे शब्द चुकीचे, सूर मात्र अचूक.

आरतीनंतर सगळे रांगेनं पाया पडले. शशिकांतही रांगेत आले, पण वाकले नाहीत. "गायलात उत्तम," ते म्हणाले. "माझं मत बदललेलं नाही."

"नसू दे. मला मत नको होतं, डॉक्टर. ऐकलंत ना, पुष्कळ झालं."

आता तुम्हाला वाटेल, ऑक्टोबरात कीर्तन वाचलं असेल. नाही वाचलं. सात विरुद्ध दोन मतांनी अंताक्षरी आली. लीलाताईंना ईमेल गेला, त्याखाली आभारही होते. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: कळलं, महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी लायब्ररीच्या वरच्या खोलीत कीर्तन आहे, सर्वांनी यावं. तेव्हापासून दर महिन्याला तिथे कीर्तन होतं. कधी पस्तीस माणसं, कधी आठ. शशिकांत आलेले नाहीत. रेखा येते, स्वतःची गाडी घेऊन, आणि तिथे कोटांना टेबल नसल्यामुळे पहिल्या रांगेत बसते.

मंडळी, नावाडणीला तुम्ही विसरणार नाही, तिचे पुढचे सिनेमे येतीलच. लीलाताईंनाही विसरणार नाही, त्यांचा आवाज आहे. एवढीच विनंती, की रेखाची आठवण ठेवा. गाणं नाही, बोलणं नाही, पण पन्नास माणसांत जी एकटी पुढे आली, ती.