तिसऱ्यांदा दाबलेलं बटन

आमच्या बारामतीच्या कंपनीत डायलिसिसची यंत्रं बनतात. त्यांच्या पोटातला कर्नल, म्हणजे सगळ्या कामांना जागा आणि वेळ वाटून देणारा मूळ प्रोग्रॅम, मी सांभाळतो. चाचणीचं पहिलं यंत्र इंदापूरच्या एका दवाखान्यात आहे आणि त्याला आठवड्यातून तीनदा माझे चुलते, वरकुट्याचे रामहरी तात्या, जोडलेले असतात. घरच्यांना याचा अभिमान वाटतो. मला जेवण जात नाही, कारण तसलंच यंत्र आमच्या टेबलावर दोनदा विनाकारण गोठलं होतं.

मेमरीतल्या चुका पकडणारा एक प्रोग्रॅम, शोधक, आमच्याकडे होता. कुठल्या जागेला हात लावायचा, कुठल्या नाही, याचा तो नकाशा ठेवतो. पण कर्नल प्रत्येक कामाला सामान ठेवायला जागा देतो, तो स्टॅक, आम्ही मेमरीच्या नव्या भागात हलवला होता. तिथला नकाशाच नव्हता. शोधक तिकडं बघायला जायचा आणि स्वतःच मरायचा. मी तिथला नकाशा आखून दिला, तर तो ‘चूक, चूक’ म्हणून दोनशे चौदा वेळा बोंबलला. एका कामाचा स्टॅक पुढच्याला मिळाला तरी आधीच्याच्या ‘हात लावू नका’ या खुणा तशाच राहत होत्या. त्या पुसल्या. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता एकच बोंब उरली.

दोनशे चौदा बोंबांत माणूस निवांत असतो. एक उरली की ती खरी असते.

एकाच अलार्मला ‘गप्प’चं बटन तिसऱ्यांदा दाबलं, की स्टॅकवरची दाबल्याच्या नोंदींची यादी हद्द ओलांडून शेजारी लिहीत होती. शेजारी रक्ताच्या पंपाचा वेग होता. आणि झोपमोड होते म्हणून तात्या ते बटन स्वतःच दाबतात, हे वरकुट्यात सगळ्यांना सांगून झालं होतं.

शुक्रवार तात्यांच्या डायलिसिसचा. मी फोन लावला. तात्यांनी तो स्पीकरवर टाकून छातीवर ठेवला असावा. मागं टीं-टीं चालू होतं.

“तात्या, आवाजाच्या बटनाला हात लावू नका!”

“दोनदा लावला की. आता तिसऱ्यांदा दाबून धरलंय.”

बोट उचललं की मगच ‘दाबलं’ धरायचं, हे मीच लिहिलं होतं.

“सोडू नका!”

“मर्दा, बोट हाय, खुंटी न्हाय.”

“पाया पडतो तात्या!”

“लांबनंच व्हय? बरं.”

माझी ओरड ऐकून दवाखान्यातल्या वैदेही सिस्टर धावत आल्या. त्यांनी वायर उपटली. यंत्र बॅटरीवर चालूच राहिलं. तेही आमचंच कौतुकाचं काम. शेवटी पंपाचं झाकण उघडून त्यांनी तो थांबवला, हँडल बसवलं आणि हातानं फिरवत रक्त परत द्यायला लागल्या.

नऊ मिनिटं हँडल फिरत होतं. मग तात्यांचा बारीक आवाज आला, “सुयोग, बोटाला मुंग्या आल्यात रं.”

“धरा.”

“सुया निघाल्या,” सिस्टर म्हणाल्या. “बॅटरीही काढली.”

“सोडा आता तात्या.”

“न्हाय. आदी तू हितं ये.”

तासाभरानं पोचलो. तात्या खुर्चीत बसलेले, एका हाताला पट्टी, दुसऱ्या हाताचं बोट बंद यंत्रावर, नख पांढरं.

“सोडू?”

मी वायर बघितली. बॅटरी बघितली. पंपाचं झाकण बघितलं.

“थांबा जरा,” म्हणालो आणि वायर पुन्हा बघितली.